दहावीची चाचणी आणि पळालेलं गाव

मी हायस्कूलला मराठी शिकवते, आणि मराठीत लिहिलेली माझी एक सूचना ऐकून आमचं अख्खं गाव पळून गेलं.

गाव म्हणजे डोंगरकड्याच्या पुढं, आडवळणाला. कोरोनाचं पहिलं वर्ष. शाळेला कुलूप, आणि दहावीचा वर्ग माझ्याकडं. एकेचाळीस पोरं. त्यातल्या तेवीस घरांत व्हॉट्सअ‍ॅपवाला फोन, आणि तो फोन पोराच्या हातात नाही, बापाच्या खिशात. बाप शेतात. म्हणजे माझा सकाळचा व्याकरणाचा तास निम्म्या वर्गाच्या ऐवजी बैलांनीच ऐकलेला असायचा! मी पालकांचा एक गट केला. नाव दिलं ‘इयत्ता दहावी पालक सूचना गट’. पहिल्याच आठवड्यात त्यावर गुलाबाची फुलं आली, खोकल्याचे चार काढे आले आणि एका पालकांनी आपली म्हैस विकायला काढली. (म्हैस गेली. गृहपाठ एकाचाही आला नाही.)

उरलेली अठरा घरं बिनफोनची. तिथं निरोप पोचवायच्या माझ्या सासूबाई. त्यांचं नाव गयाबाई, मी म्हणते आत्याबाई. शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. रोज सकाळी शेळ्या घेऊन निघायच्या आणि जाता जाता दारोदार माझी सूचना सांगायच्या. अडचण एवढीच, की मी सांगितलेलं त्या सांगत नसत. मी म्हणायची, “पालकांनी पाल्याच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे.” त्या दारात उभ्या राहून ओरडायच्या, “तुमचं पोरगं पुस्तक उघडून झोपून राहिलंय! आमच्या सुनेला समदं दिसतंय!”

एका पालकानं मला फोन केला. “म्याडम, तुमाला घरातलं समदं दिसतंय म्हणे?”

“तसं नाही हो...”

“दिसत असंल तं माझ्या चष्म्याची डबी कुठं पडली पाहा बरं. दोन दिस झाले.”

मला लाज वाटली. बीएड झालेली बाई मी! माझ्या सूचनांची अशी दशा? मी ठरवलं, यापुढं सूचना लेखी, शुद्ध आणि नेमकी. आत्याबाईंना म्हटलं, “तुम्ही आता तकलीफ घेऊ नका. मी बघते.”

“बघ माय,” त्या म्हणाल्या आणि शेळ्यांच्या मागं निघून गेल्या. त्यात राग नव्हता. नुसती दया होती.

तेवढ्यात मुख्याध्यापक सरांचा फोन आला. पहिली घटक चाचणी घ्यायची होती. एकाच दिवशी, सगळ्यांची. “आणि म्याडम, जो विद्यार्थी चाचणीला दिसणार नाही त्याचं नाव ‘संपर्कात नाही’ या यादीत जाईल. वरून विचारणा आहे.”

त्या वर्षी मुलीचं नाव त्या यादीत जाणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. वर्गातल्या रमाच्या वडिलांनी, केशवरावांनी, मला आधीच ऐकवलं होतं. “शाळा तं बंदच हाय. चांगलं ठिकाण आलंय, लगीन उरकून टाकू म्हणतो.” रमाकडं फोन नव्हता, पण डोकं असं होतं की फोनची गरज नव्हती.

म्हणून मी रात्रभर... नाही, खोटं कशाला सांगू, चहा उकळेपर्यंत सूचना लिहिली. मला ती आजही तोंडपाठ आहे. “उद्या सकाळी ठीक दहा वाजता सर्वांची चाचणी घेण्यात येईल. पालकांनी पाल्यांना घरीच थांबवून ठेवावे. कोणीही चाचणी टाळू नये. टाळणाऱ्यांची नावे वर कळवण्यात येतील. निकाल त्याच दिवशी सांगण्यात येईल.”

‘सर्वांची’ च्या आधी ‘दहावीच्या’ लिहायचं राहिलं होतं. दहावीचा गट, दहावीच्या म्याडम, मग दहावीचीच ना चाचणी? एवढं तर कोणालाही कळेल!

बिनफोनच्या घरांसाठी मी आमच्या मिस्टरांकडं गेले. त्यांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा. लग्नसराई बुडाल्यापासून त्यांनी माईक हातात धरला नव्हता. (अधूनमधून पुसून ठेवायचे. एकदा त्याच्याशी हळूच बोलतानाही मी त्यांना पाहिलं होतं.) सूचना वाचायची म्हटल्यावर माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. दोन्ही भोंगे माळवदावर चढले, तारा ओढल्या गेल्या, आणि सहा महिन्यांची तहान भागवत मिस्टरांनी सुरुवात केली.

“हॅलो! टेस्टिंग! टेस्टिंग! माईक टेस्टिंग! टेस्टिंग!”

हे त्यांनी किमान अकरा वेळा म्हटलं. मग माझी सूचना वाचली. मग पुन्हा “टेस्टिंग, टेस्टिंग,” कारण त्यांना आवाज अजून थोडा चढवायचा होता!

दुसऱ्या दिवशी दहाला मी नवी साडी नेसून फोनसमोर बसले. प्रश्नपत्रिका गटावर टाकली. दहा वाजून पाच मिनिटं. कोणी नाही. सव्वादहा. कोणी नाही. साडेदहाला एका पालकाचा संदेश आला. “म्याडम आमी परगावी हावोत. दोन दिसांनी येतो. आमाला काहीच लक्षणं न्हाईत.”

लक्षणं? कसली लक्षणं?

मी बाहेर आले. समोरच्या घराला कुलूप. शेजारी कुलूप. चावडीवर एक कुत्रं, तेही जरा बिचकलेलं. ज्यांची पोरं दहावीत नव्हती तेही गेले होते. ज्यांना पोरंच नव्हती तेही! आदल्याच आठवड्यात शेजारच्या गावातली दोन माणसं तपासणीनंतर गाडीत बसवून नेली होती आणि चौदा दिवस त्यांच्या जनावरांना पाणी दाखवायला कोणी नव्हतं. गाव काही वेडं नव्हतं. गावानं माझी सूचना नीट ऐकली होती, अक्षर न् अक्षर.

मी उभ्या उभ्या ती पुन्हा मनात म्हटली आणि ‘चाचणी’ या शब्दाशीच अडकले.

एवढ्यात आशाताई तणतणत आल्या. गावातल्या आरोग्याचं सगळं काम त्यांच्याकडं. “म्याडम, मला न सांगता चाचणी काहून ठेवली? मी रात्रीच वर फोन करून विचारलं. त्यांना बी काही माहीत न्हाई!”

“ताई, माझी चाचणी मराठीची आहे हो!”

“मराठीची?” त्यांनी डोळे मोठे केले. “अवं, मंग मी काय सांगून बसले! म्हटलं गाव स्वतःहून मागून राहिलं. गाडी निघाली बी!”

गाडी आली. त्यातून पांढऱ्या पोशाखातली तीन माणसं उतरली. त्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, “मागणी कोणाची होती?” आशाताईंनी बोट माझ्याकडं केलं. डॉक्टर गहिवरलेच. “असं गाव आम्ही पाहिलंच नाही म्याडम! बाकीच्या ठिकाणी दगड मारतात. बोलवा सगळ्यांना.”

सगळे म्हणजे आम्ही तिघं होतो.

आत्याबाईंनी आधी नाक पुढं केलं. “घाल बाबा. मिरच्या कांडताना याच्याहून जास्त जातं नाकात.” डोळ्याची पापणी लवली नाही. मग माझी पाळी. माझ्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. एवढंच सांगते, की आशाताईंना माझे दोन्ही हात धरावे लागले.

आता काहीतरी केलंच पाहिजे म्हणून मी मिस्टरांना म्हटलं, “अहो, खुलासा करा! माईकवरून खुलासा करा!”

ते माईक घेऊन अंगणात खुर्चीवर बसले. “हॅलो. टेस्टिंग...”

“ते म्हणू नका!” मी किंचाळले.

“बरं बरं. गावकरी बंधू-भगिनींनो, भिऊ नका. आजची चाचणी नाकातली नाही. कुणाच्याही नाकात काहीही घालण्यात येणार नाही. बिनधास्त घरी या...”

नंतर कळलं, की एवढं ऐकून निम्मं गाव शेतातून खरंच परत निघालं होतं. बैलगाड्या वळल्या होत्या. पण डॉक्टरांना पुढच्या गावाला जायची घाई होती आणि मिस्टर आयतेच खुर्चीवर, मान वर करून बसलेले.

“...आणि मी तुम्हाला शब्द देतो, की असा कोणताही प्रका... अहो डॉक्टर, थांबा, काय करताय... आऽऽऽऽई गं! मेलो!”

दोन भोंगे. पूर्ण आवाज. वारा शेतांच्या दिशेनं. जे परत येत होते ते जागच्या जागी वळले, आणि या वेळी म्हणे बैलांना हाकावंसुद्धा लागलं नाही.

आम्ही तिघंही निगेटिव्ह निघालो. गाडी गेली. साडेअकरा वाजले होते. मी पायरीवर डोकं धरून बसले. संध्याकाळपर्यंत पेपर झाले नाहीत तर एकेचाळीस नावं त्या यादीत जाणार होती. त्यात रमाचं पहिलं.

आत्याबाई शेळ्या सोडून काठी घेऊन समोर उभ्या राहिल्या. “आता मी जाऊ का? का अजून एक सूचना लिहितीस?”

मी प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स आणि कोऱ्या पुरवण्या पिशवीत कोंबल्या आणि मुकाट्यानं त्यांच्या मागं निघाले.

कोण कुठं असेल ते त्यांना विचारावं लागलं नाही. सोयाबीनच्या गंजीमागं तीन घरं, ओढ्याच्या वळणावर पाच, जुन्या विहिरीपाशी दोन. “आन् केशव हळदीत असंल. लहानपणापासून त्याला दुसरीकडं लपायलाच येत न्हाई.”

हळद छातीइतकी वाढली होती. आत्याबाई बांधावर थांबल्या. “केशवा! भाईर ये!”

हळद हलली नाही.

“केशवा, तुझं डोकं दिसून राहिलंय!”

हळदीतून आवाज आला, “काकू, मला काही झालं न्हाई. मी बराबर हाय!”

“तुला कोण विचारतंय? तुझ्या रमाची परीक्षा हाय. कागदावरची! शाळेची!”

“मंग तो भोंग्यावर कोण वरडला?”

“तो माझा पोरगा व्हता. त्याचं काही मनावर घेऊ नको.”

केशवराव बाहेर आले, अंगभर माती. मागून रमा, आणि तिच्या हातात पुस्तक. मी चकित होऊन विचारलं, “रमा, तुला माहीत होतं ही शाळेची चाचणी आहे?”

“व्हय म्याडम.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी सांगितलं पप्पाला. ते म्हणाले, म्याडम एवढ्या शिकलेल्या, त्यांना परीक्षा म्हणायची असती तं परीक्षा म्हणाल्या नसत्या का?”

(बाकीच्या पोरांनाही माहीत होतं. पण त्यांनी घरी चकार शब्द काढला नव्हता. चाचणी चुकवायला बापच बैलगाडी जुंपतोय, असा योग कोणत्या पोराच्या नशिबी येतो?)

मग आत्याबाईंनी अख्खं शिवार पालथं घातलं. बांधावरून एकच हाक, “नाकाची न्हाई गं माय, कागदाची हाय! लेकरं घेऊन लिंबाखाली या!” माणूस बदलला की नातं बदलायचं. कुणाला “ए दादा”, कुणाला “वयनी”, कुणाला नुसती सणसणीत शिवी, पण निरोप तोच. आणि मी जे सहा महिने फोनवरून करू शकले नव्हते ते त्या दोन तासांत घडलं. ओढ्याकाठच्या लिंबाखाली सगळी पोरं जमली. आत्याबाईंनी काठीनं मोजून प्रत्येकात दोन काठ्यांचं अंतर ठेवलं. तोंडाला रुमाल. मांडीवर वही. बसायला खताची पोती.

मी हजेरी घेतली. एक, दोन, तीन... एकेचाळीस. शाळा सुरू होती तेव्हाही माझ्या वर्गात एकेचाळीस कधी भरले नव्हते!

पालक बांधावर रांगेनं बसून बघत होते. आपलं लेकरू परीक्षेत कसं लिहितं, हे त्यांच्यातल्या कुणीच कधी पाहिलं नव्हतं. कोणी खोकलं तर बाकीचे त्याला डोळे दाखवत. रमानं तीन पुरवण्या घेतल्या. तिसरीच्या वेळी केशवराव शेजाऱ्याला हळूच म्हणाले, “अजून लिहून राहिली!” आणि नंतर माझ्याकडं न बघता म्हणाले, “म्याडम, त्या ठिकाणाला मी न्हाई म्हणून कळवतो. हिला लिहू द्या अजून.”

आत्याबाई लिंबाला टेकून शेळ्यांवर लक्ष ठेवून होत्या. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण दोन काठ्यांचं अंतर होतं, म्हणून लांबूनच हात जोडले. त्या म्हणाल्या, “काय गं, अजून कोण राहिलं का?”

संध्याकाळी सरांचा फोन आला. “एकेचाळीसपैकी एकेचाळीस? म्याडम, तालुक्यात असं कुठंच झालं नाही! कसं काय जमवलंत?”

“कुटुंबांशी प्रभावी संवाद ठेवला सर,” मी म्हणाले. आत्याबाई शेळीची धार काढत होत्या. त्यांना जोराचा ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मी पेपर तपासायला बसले. पाचवा प्रश्न मीच काढलेला, ‘पालकांसाठी एक सूचना तयार करा.’ पहिला पेपर घेतला. सूचना छान होती. विषय, दिनांक, वेळ, सगळं जागच्या जागी. खाली एक ओळ अधिक होती : ‘टीप – ही चाचणी नाकाची नाही.’ दुसरा पेपर घेतला. तीच टीप. तिसरा, चौथा, दहावा, एकेचाळिसावा, सगळ्यांत तीच! नक्कल म्हणावी तर अंतर मोजून बसवलेलं. शेवटी मी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. त्या वर्गात सूचना कशी लिहायची हे न येणारी एकटीच होती, आणि ती पेपर तपासत होती.