अकराव्या मजल्यावरचं आमंत्रण

मी एका पाटीवर धंदा सुरू केला. डोक्यावर मासळी घेऊन चार गावं चालायची. आता मंडणगड तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावर माझं दुकान आहे, बर्फाची पेटी आहे, मासळी वाहायला छोटी गाडी आहे. भाव करताना समोरच्याच्या तोंडावरून त्याच्या मनातलं ओळखते. म्हणूनच पुण्याची ती बाई इतकी वर्षं मला कळली नाही, याचा राग जात नाही.

दर नाताळात ती यायची. माझ्याच वयाची, तरी मला 'मावशी' म्हणायची. सुरमईचा कल्ला उचलून बघायची, जसं काही तिला त्यातलं कळतं. अर्धा तास घासाघीस, आणि निघताना दर वेळी तेच, "पुण्याला आलात की घरी यायचं हं मावशी! लेकीला घेऊन या. अकरावा मजला आहे, लिफ्टने वर जायचं, सगळं शहर दिसतं." एकदा पावतीच्या मागे पत्ताही लिहून दिला. माझ्या मुलीने तो पाठ केला. ती कधी लिफ्टमध्ये बसली नव्हती.

आमच्याकडे 'ये' म्हटलं की यायचं असतं. दोन वर्षांपूर्वी ती येऊन परत गेल्यावर, नाताळच्या सुट्टीतच, ऐन हंगामात, मी दुकान एक दिवस बंद ठेवलं. नवरा म्हणाला, "अगो, ती माणसं बोलायला बोलतात. निदान फोन तरी कर."

"नंबर कुठे दिलाय? आणि पाहुण्याने जाताना विचारून जायचं का?"

आदल्या दिवशी गाडी दोनदा साबणाने धुतली. होडीवरची सगळ्यात चांगली सुरमई बर्फात घातली. मी काठाची साडी नेसले, मुलीने नवा फ्रॉक घातला. पहाटे आम्ही तिघं निघून ताम्हिणी घाटाने पुण्यात पोचलो, तेव्हा ऊन वर आलं होतं. त्या शहरात शिरल्यापासून जो तो आमच्या गाडीवर भोंगा वाजवत होता. चहा मागितला तर दोन घोटांत संपला. मी सगळं गिळलं. म्हटलं, जाऊ दे, आपल्याला घरी जायचंय.

फाटकावरचा रखवालदार गाडीजवळ आला, नाक वर केलं आणि म्हणाला, "डिलिव्हरी का? मागच्या बाजूने."

"पाहुणे आहोत. किनाऱ्यावरची मासळीवाली मावशी आल्ये म्हणून सांगा." त्याने मला ते दोनदा सांगायला लावलं.

त्याने वर फोन लावला. भिंतीवरच्या इंटरकॉमच्या डब्यातून आवाज आला, तो आम्ही तिघांनीही ऐकला. "अरे देवा! घरी नाहीत म्हणून सांग. मासे दिले तर ठेवून घे."

रखवालदार आमच्याकडे वळला. "मॅडम घरी नाहीत."

"मग आत्ता बोललं ते कोण? भूत?"

"मावशी, माझ्यावर कशाला चिडता? मासे ठेवायचे तर ठेवा, मी पोचवतो."

"ह्यातला काटासुद्धा वर जायचा नाही!" मी इतकी ओरडले की चार खिडक्या उघडल्या. मुलगी मान वर करून बोटाने मजले मोजत होती. अकरापाशी बोट थांबलं आणि खाली आलं.

गाडीत नवरा म्हणाला, "कामवाली असेल गो. त्या डब्यात सगळ्यांचे आवाज सारखेच."

"'शेवटचं सांगा' म्हणते ना, तोच आवाज. मी पाच वर्षं ऐकत्येय."

मागून मुलगी म्हणाली, "बाबा सांगत होते फोन कर म्हणून. उगाच आलो."

ते मला लागलं. ती सुरमई घाट उतरून परत आली. दुसऱ्या दिवशी तळली, तर मुलीने तुकडीला हात लावला नाही. पुढे वर्षभर कुठे जायचा विषय निघाला की ती विचारायची, "त्यांनी खरंच बोलावलंय का, आई?" बापलेक एकमेकांकडे बघून हसायचे. माझ्याच घरात मी न बोलावता जाणारी ठरले.

पुढच्या नाताळात बाई आली. मुलगी सुट्टीमुळे दुकानात माझ्या शेजारी बसली होती. कल्ले बघून झाले. मग बाई म्हणाली, "बरं का मावशी, कधी पुण्याला—"

"आले होते."

ज्याला ठाऊक नसतं तो आधी 'कधी?' विचारतो. तिने विचारलं नाही. हातातली सुरमई उलटी केली, परत सुलटी केली. "केवढ्याला ही?"

मी दुप्पट भाव सांगितला. ती बाई, जी कोथिंबीरसुद्धा फुकट मागेल, तिने घासाघीस न करता पर्स उघडली.

मी मुलीकडे बघितलं. ती बाईच्या तोंडाकडेच बघत होती. त्या डब्यातला आवाज कामवालीचा नव्हता, हे तिलाही कळलं.

मी सुरमई बाईच्या हातातून काढून घेतली आणि बर्फात ठेवली. "ही विकायची नाही. घरी पाहुणे यायचेत."