सारजामायचा पत्र्यावरचा फोटो

भूत, भानामती असल्या गोष्टींना मी आजवर हसत आले. आजही भीतीपोटी लिहीत नाहीये... संतापानं लिहितेय.

आम्ही अकोल्याचे, जठारपेठेतले. माझ्या आत्याकडे तिच्या आजीचा, सारजामायचा, एक फोटो आहे. तळहाताएवढ्या काळ्या पत्र्यावर काढलेला. कागदावरचे फोटो मोठ्या घरचे. जत्रेत पाल टाकून बसणारे फोटोवाले गरिबांना असे पत्र्यावर, हातोहात काढून द्यायचे. सारजामाय कापसाच्या जीनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती. तिची तेवढीच खूण घरात उरलीय.

अमरावतीच्या एका गृहस्थांनी जुन्या स्वस्त फोटोंच्या प्रदर्शनासाठी तो मागून नेला. आत्यानं माझ्यासमोर त्यांना तिचं नाव सांगितलं, परत परत सांगितलं.

उद्घाटनाला आत्या आणि मी अमरावतीला गेलो. फोटो भिंतीएवढा छापून लावलेला. खाली पाटी — ‘अनोळखी मजूर स्त्री’.

आणि चेहरा नव्हता. लुगड्याची किनार, बांगड्या, खुर्चीचा वेत — सगळं लख्ख. चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग. खाली काचेत ठेवलेल्या मूळ पत्र्यावर मात्र ती नेहमीसारखी समोर बघत होती.

“सकाळी लावला तेव्हा होता हो,” गृहस्थ गडबडले. त्यांच्या मोबाईलमधल्या सकाळच्या फोटोत खरंच चेहरा होता. पाटी तेवढी तेव्हा लागायची होती.

“आणि नाव का नाही लिहिलं?” मी विचारलं.

“नाव टाकलं की तो एका घरचा होतो. अनोळखी म्हटलं की सगळ्यांचा वाटतो.”

माझं डोकंच फिरलं. तुलनेसाठी लावलेल्या जमीनदाराच्या फोटोखाली मात्र नाव, गाव, घराणं, सगळं होतं.

आत्या शांतपणे म्हणाली, “तुमी तिले वळखत नाई म्हनता, मंग ते तुमाले तोंड काहून दाखवन?”

मी पाटी उपटली, पत्रा मागून घेतला आणि आम्ही निघालो. बडनेरा यायच्या आत त्यांचा फोन — चेहरा परत आला होता. “काय केलंत तुम्ही?” असं मलाच दरडावून विचारत होते.

पुढे गृहस्थ म्हणे शाईचा दोष, दिव्यांची उष्णता. छापणाऱ्यांना मी स्वतः विचारलं. असं होतच नाही म्हणाले. मग काय झालं... मला आजही सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात गृहस्थांनी नागपूरच्या प्रदर्शनासाठी पुन्हा पत्रा मागितला. आत्यानं माझ्या हातून फोन घेतला.

“पयले तिचं नाव सांगा, मंग देतो.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “जरा... बघून सांगतो.”