थोरलं सॉफ्टवेअर, धाकटं सॉफ्टवेअर

शिरूरला मामांकडे ऑपरेटर आला की तो सगळ्यात आधी मॉनिटर भिंतीकडे वळवायचा आणि स्वतः भिंतीला पाठ लावून बसायचा. मग मामींना म्हणायचा, "चहा टाका की," आणि मामांना, "ती बाहेरची वायर एकदा बघून या." खोलीत मी तेवढी उरायचे. कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या मुलीकडे तो बघतही नसे. मला ते सोयीचं होतं.

मामांचा मंडप-स्पीकरचा धंदा होता. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांच्या गाडीवर दरवर्षी विकतच्या कॅसेटी वाजायच्या. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, गाणं मामींचं आणि खालचा ठोका डीजेचा. मामी विहारात गायच्या, पण स्पीकरवर त्यांचा आवाज कधी लागला नव्हता. त्यासाठीच कॉम्प्युटर घेतला आणि यवतच्या या माणसाला बोलावलं. तो पुण्यात एका स्टुडिओत काम करून आलेला होता.

सॉफ्टवेअरं दोन होती. पहिल्यात चौकोनांच्या रांगा दिसत. चौकोन भरला की तिथे ठोका पडे. त्याला घरात 'ढोलकीवालं' म्हणत. पण त्यात मामींचा आवाज घेणं अवघड होतं, एक ओळ चुकली की सगळं गाणं पुन्हा. म्हणून मागाहून दुसरं आणलं, ते 'गाण्याचं'. त्यात चुकलेला तुकडा कापून नवा बसवता येई, पण ठोके एकेक करून मांडत बसावं लागे. ठेवायचं कुठलं यावर घरात दोन रविवार वाद झाला. शेवटी ऑपरेटर म्हणाला, "एकावर भागत न्हाई. दोन्ही जोडावी लागत्यात. ती जोडणी माझ्यापाशी हाय."

जोडणी खिशात घालून आणल्यासारखा तो बोलायचा.

मी दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचे, अकरावीत होते. शनिवारी एसटीने शिरूरला जायचे. चौफुल्याला तो त्याच गाडीत चढायचा, सीडींचं पाकीट छातीशी धरून. मला ओळख द्यायचा नाही, मीही द्यायचे नाही. खोलीत मी त्याचा हात बघायचे. माऊस दोनदा वाजायचा, मग तो थांबायचा, मग पुन्हा दोनदा. थांबत कशाला होता? मी वहीत लिहून ठेवलं होतं : दोन, थांबणे, दोन.

मिरवणुकीला तीन आठवडे उरले आणि तो यायचा बंद झाला. मामांनी फोन केले. पलीकडून कुणीतरी सांगायचं, बाहेर गेलेत.

"दुसऱ्या कुणाचं तरी गाणं धरलं असंल त्यानं," मामा म्हणाले.

"आन् माझं?" मामींनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तू इंग्लिश शाळेतली ना? कॉम्प्युटरात मदतीचं काहीतरी लिहिलेलं असतंय म्हणं. वाच की जरा."

मी वाचलं. दोन तास लागले. जोडणी म्हणजे फक्त क्रम होता. दोनांतलं एक आधी उघडायचं, ते पूर्ण उघडेपर्यंत थांबायचं, मग दुसरं. म्हणजे मागून उघडलेल्याचा आवाज आधी उघडलेल्यातून बाहेर येतो. त्याला स्वतःचा स्पीकर उरत नाही. बंद करताना उलट. एवढ्यासाठी त्या माणसाने मॉनिटर भिंतीकडे वळवला होता.

"काय म्हणतंय?" मामा मागे उभे होते.

पडद्यावर शब्द होते 'मास्टर' आणि 'स्लेव्ह'. आधी उघडायचं ते मास्टर, मागून उघडायचं ते स्लेव्ह. मी त्या ओळीवर अडकले. शाळेत समाजाचा, जातीचा धडा आला की मी पुस्तकातून डोकं वर काढत नसे. कोण माझ्याकडे बघतंय हे मला न बघताच कळायचं. आणि आता या घरात, भिंतीवरच्या त्या फोटोखाली, विहारातल्या गाण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाला मी गुलाम हा शब्द वाचून दाखवायचा?

"एक थोरलं असतं, एक धाकटं," मी म्हणाले. "आधी थोरलं उघडायचं."

"असं म्हणतंय इंग्रजीत?"

"हो."

त्यांनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी चालू करून दाखवलं. ठोका आणि मामींचा आवाज ऑपरेटरशिवाय पहिल्यांदा एका वेळी निघाले. मामी तोंडाला पदर लावून हसल्या. मी कागदावर लिहिलं, 'आधी थोरलं, मग धाकटं. बंद करताना उलट.' कागद कॉम्प्युटरच्या डब्यावर चिकटवला आणि दौंडला परत आले.

सोमवारी मामांचा फोन आला. "ठोका येतोय, गाणं न्हाई."

"कागदाप्रमाणे केलंत?"

"कागदापरमाणंच."

मंगळवारी पुन्हा तेच. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं मामांनी एकेक करून वाचून दाखवली. गाण्याचं सॉफ्टवेअर म्हणत होतं, आवाजाचं कार्ड दुसऱ्याने धरलंय. मला वाटलं, ऑपरेटर येऊन काहीतरी बदलून गेला. तसं विचारलं तर मामा म्हणाले, "कुणी आलं न्हाई." पण ते ज्या सुरात म्हणाले तो सूर मला आवडला नाही.

बुधवारी त्यांनी सरळच विचारलं, "खरं सांग. एखादं बटण राखून ठिवलंस का?"

"मामा!"

"न्हाई, त्यानं तेच केलं. तू असतीस तवा चालतंय, तू गेलीस की बंद. मग मी काय समजू?"

वडील समोर पेपर वाचत होते आणि पेपरचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं. मी म्हणाले, "काय काय करता ते एकेक सांगा."

"आधी थोरलं उघडतो."

"थोरलं म्हणजे कुठलं?"

"ढोलकीवालं की! ते घरात आधी आलं. गाण्याचं मागनं आलं, ते धाकटं."

मी डोळे मिटले. माझ्या मनात थोरलं म्हणजे ज्याचं चालतं ते. त्यांच्या घरात थोरलं म्हणजे जे आधी जन्मलं ते. चूक त्यांची नव्हतीच.

"उलट करा. आधी गाण्याचं."

"मग थोरलं कशाला लिहिलंस? इंग्रजीत हाय तरी काय?"

"मास्टर आणि स्लेव्ह."

"म्हंजी?"

त्याच वेळी क्वार्टरमागून मालगाडी निघाली. मी हळू बोलले, त्यांना ऐकू गेलं नाही.

"काय? माल काय?"

"मालक!" मी ओरडले. "मालक आणि गुलाम!"

"आँ?"

"गुलाम, मामा! गुलाम!"

वडिलांनी पेपर खाली घेतला. डबे जात राहिले, एकामागून एक, आणि मी रिसीव्हर धरून उभी होते. आवाज ओसरला तेव्हा मामा हसत होते.

"अगं, हार्डडिस्क बसवणारा पण स्लेव्ह, स्लेव्ह करत व्हता. मला वाटलं कंपनीचं नाव हाय." मग हसणं थांबलं. "मग हे तवाच का न्हाई सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटायचं का न्हाई, ते मी ठरवीन की. तू कशाला ठरवतीस?"

मागून मामींचा आवाज आला, "काय झालं वो?" मामांनी त्यांना सांगितलं, शब्दासकट. मामी म्हणाल्या, "माझं गाणं कशात हाय? मालकात का गुलामात?"

"मालकात," मी म्हणाले.

"मग असू द्या."

त्या दुपारी दोन्ही सॉफ्टवेअरं माझ्याशिवाय एकत्र वाजली. मिरवणुकीत मामींचं गाणं तीनदा लागलं. बायका गाडीमागे चालत होत्या आणि मी स्पीकरच्या बाजूला उभी राहून कुठे ठोका सरकतोय का ते ऐकत होते. एका कडव्यात किंचित सरकला. कुणाला कळलं नाही, किंवा कळून कुणी बोललं नाही.

त्यानंतरही मी शनिवारी जात राहिले. मामांनी तो कागद काढून टाकला होता. नवीन काही अडलं की ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसत, मॉनिटर दोघांच्या मधोमध करत आणि म्हणत, "आधी इंग्रजी वाच. मोठ्यानं. मग मराठी." मी वाचायचे. इंग्रजीतलं वाक्य त्यांना कळत नव्हतं, पण मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा फार आखूड निघालं की ते बोट उचलत.

"एवढंच?"

"एवढंच, मामा."

"परत वाच."

मी परत वाचायचे.