कच्चं हाड

शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. हा दुसरा ब्रेक ती इतक्या जोरात दाबायची की शिकायला येणाऱ्या बायकांनी तिचं नावच ब्रेकबाई पाडलं होतं. चाळिशी ओलांडलेली, चालताना डाव्या अंगाला झुकणारी, आणि जीभ अशी तिखट की क्लच चुकलेली बाई घरी जाऊनही दचकायची.

मुलगी असताना मात्र तिला सगळे भिंगरी म्हणायचे. ते नाव फुटबॉलच्या सरांनी दिलेलं. चेंडू पायात आला की ती दोघी-तिघींना गिरकी देऊन निघून जायची. सरांचा कारभार कडक. शाळेआधी धावणं, शाळेनंतर सराव, सुट्टीच्या दिवशी सामना. कपडे बदलायच्या खोलीत वजनकाटा ठेवलेला. काटा पुढे सरकला की मैदानाला जास्तीच्या फेऱ्या. "पोट हलकं तर पाय हलका," असं सर म्हणायचे. भिंगरी डबा अर्धा खायची आणि उरलेला मैत्रिणींना वाटून टाकायची. सर सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटायचे.

पंधराव्या वर्षी तिची पाळी थांबली. काही महिने वाट पाहून आई बिचकत बिचकत मैदानावर गेली. सर हसले. "अहो ताई, चांगलंच आहे की! खेळाडूचं अंग कसलं की असंच होतं. कटकट गेली म्हणा." आईचा जीव भांड्यात पडला. भिंगरीला तर आपण आता खरी खेळाडू झालो असं वाटलं.

मग निवडीचा सामना आला. कुणाचा धक्का नाही, कुणाचा पाय आडवा नाही, नुसतं धावताना तिची नडगी मोडली. डॉक्टरबाईंनी आईला समोर बसवून समजावलं. एवढं धावायचं आणि एवढंसं खायचं, तर शरीर काटकसर करायला लागतं. जीव जगवायला जे लागत नाही ते आधी बंद करतं. पाळीची हार्मोन्स आटतात. पण त्याच हार्मोन्सवर हाडंही भरत असतात. "हीच वर्षं हाडं भरायची असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिची म्हातारीसारखी पोकळ झालीत. पाळी थांबली तेव्हाच का नाही आणलंत?"

आईने मान खाली घातली. सर दवाखान्यात फिरकलेही नाहीत. मैदानावर मात्र बाकीच्या मुलींना म्हणाले, "पोरगी चांगली होती, पण हाडच कच्चं निघालं." मैत्रिणीने ते येऊन सांगितलं आणि भिंगरीच्या काळजात ते शब्द कायमचे रुतले. पुढच्याच वर्षी डाव्या खुब्याला तडा गेला आणि खेळ संपला.

सूड घ्यायचा एवढं ठरलं होतं, कसा ते ठरत नव्हतं. सरांच्या तोंडावर थुंकावं, खिडक्या फोडाव्यात, असं कितीदा मनात यायचं. गाडी शिकवायला लागल्यावर वाट आपोआप सापडली. तिच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका म्हणजे पोरींना क्लासला, सरावाला सोडता यावं म्हणून शिकणाऱ्या आया. ती त्यांना हटकून मैदानाच्या रस्त्याने न्यायची. कुंपणापाशी म्हणायची, "घ्या बाजूला. इंजिन बंद." आणि मग साध्या आवाजात, "मुलगी इथेच खेळते ना? पाळी नियमित येते का तिची?"

बायका गोऱ्यामोऱ्या व्हायच्या. एखादी म्हणायची, "अहो, सर म्हणाले खेळाडूंचं असंच असतं." मग ब्रेकबाई आपली हकीकत सांगायची, तिखटमीठ न लावता. त्याची गरजच नव्हती. एकेक आई आपली मुलगी काढून घेऊ लागली. मैदानातल्या रांगा तोकड्या झाल्या. कुंपणाबाहेरून त्या पाहताना तिला भूक लागल्यावर जेवायला मिळाल्यासारखं वाटायचं.

सरांच्या कानावर गेलंच. ते तिच्या ऑफिसात आले. केस पांढरे झालेले, शिट्टी अजून गळ्यात.

"माझ्या पोटावर पाय देतेस?"

"तुम्ही माझ्या पोटात घास जाऊ दिला नाहीत, सर. पोटाची भाषा तुम्ही करू नका."

"मी शेकडो पोरी घडवल्या!"

"आणि मोडल्या किती?"

ते तणतणत निघून गेले.

त्यानंतर एक नवी बाई शिकायला आली. अबोल, हात सतत घामेजलेले. कुंपणापाशी ब्रेकबाईने काही सांगायच्या आधी तिनेच गाडी थांबवली. "ती सगळ्यांत पुढे धावतेय ना, ती माझी मुलगी," ती म्हणाली. "आणि शिट्टी वाजवतायत ते माझे सासरे. मुलीची पाळी वर्षभर नाही. घरात बोलायची सोय नाही. तुमच्याबद्दल ऐकलं, म्हणून गाडी शिकायचं निमित्त काढलं."

ब्रेकबाईच्या मनात अक्षरशः आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सरांची सख्खी नात! नुसतं गप्प बसायचं होतं. बाकीचं काम ते हाड करणार होतं. भर मैदानात, म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोर. "बघू," एवढंच ती म्हणाली आणि गाडी वळवायला लावली. पुढच्या शिकवणीलाही गप्पच राहिली. त्या बाईने आशेने पाहिलं की ही आरशात बघायची.

तिसऱ्या खेपेला पोर धावता धावता थांबली, खाली वाकली आणि नडगी दाबून धरली. मग कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघून पुन्हा पळू लागली. ती जागा ब्रेकबाईला ओळखीची होती. "उद्याच डॉक्टरकडे," ती एकदम म्हणाली. "मी नेते. पण सासऱ्यांनाही बरोबर घ्यायचं. डॉक्टर बोलतील ते त्यांनी कानांनी ऐकायचं. ही माझी अट."

सून पहिल्यांदाच सासऱ्यांपुढे उभी राहिली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ते आले. मागच्या सीटवर नातीशेजारी बसले. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. नडगीला केसासारखी चीर होती, वेळेत आले म्हणून हाड वाचलं. धावणं बंद, पोटभर खाणं, रक्ताची तपासणी, आणि पाळी परत येईपर्यंत सराव नाही. कारण तेच, शब्दसुद्धा जवळजवळ तेच, जे भिंगरीच्या आईने ऐकले होते.

परतताना ब्रेकबाई स्वतः चालवत होती. "सर," ती समोर बघत म्हणाली, "हिचंही हाड कच्चंच म्हणायचं का?"

सर खिडकीबाहेर बघू लागले.

"आईला काय सांगितलं होतंत माझ्या? कटकट गेली. आठवतं?"

"त्या काळी सगळेच असं म्हणायचे," ते पुटपुटले.

"आणि आत्ता?" नातीने विचारलं. "मी तुम्हाला सांगितलं होतं, आजोबा. पाय दुखतो म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, नाटकं नकोत."

ब्रेकबाईने गाडी कडेला घेतली. "उतरा, सर."

"इथे? घर लांब आहे अजून."

"मग धावत या. पोट हलकं असेलच."

ते उतरले. आरशात म्हातारा लहान लहान होत गेला आणि ब्रेकबाईने तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

सरांनीच नातीला घरी बसवलं म्हटल्यावर उरलेल्या आयांनीही पोरी काढल्या. मैदान दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं. सरांनी माफीचा निरोप पाठवला. "मला माफी नको होती, त्यांचं मैदान हवं होतं," असं उत्तर तिने उलट धाडलं. थोरल्या बहिणीने विचारलं, "आता तरी समाधान झालं ना?" "झालं की," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

पुढे एकदा त्या मायलेकी आल्या. मुलीचं अंग भरलं होतं, गालावर तुकतुकी होती. आईने हळूच सांगितलं, "आली हो परत पाळी. पुढच्या महिन्यापासून हलका सराव चालेल म्हणतात." ब्रेकबाई म्हणाली, "छान." पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण हात उचललाच नाही. आपल्याला असं कुणी वेळेत नेलं नाही, हे तिच्या मनात आलं आणि त्या क्षणी तिला त्या निरागस पोरीचासुद्धा राग आला. त्या गेल्यावर तिने दुपारची शिकवणी रद्द केली, दार लावून घेतलं आणि मुलगी असतानाही कधी रडली नव्हती तशी रडली.