गिरणीवाल्याची सुट्टी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, की मला सगळ्यात आधी आमच्या राहुरीतल्या गिरणीवाल्याचा राग येतो. घरात पीठ संपलेलं असतं, डब्याला भाकरी हवी असते, आणि नेमका त्याच सकाळी हा बाबा गिरणी बंद ठेवून पायरीवर ऊन खात बसतो.

तो बोलतो म्हणजे ओरडतोच. पट्ट्याच्या आवाजाची इतकी सवय, की गिरणी बंद असली तरी शेजारच्याशी नदीपलीकडं हाक मारल्यासारखा बोलतो. दळण कधी देणार विचारलं, की पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवून म्हणतो, "हुईल की!" कधी, ते त्या गिरणीलाच ठाऊक.

यंदाही मी बाजरीचा डबा त्याच्यापुढं आदळला. "अहो, सगळं गाव कामाला लागलं. तुम्हाला आजच बरी सुट्टी सुचते?"

"म्याडम," तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "तुमाला सुट्टी हुती तवा मी दळत हुतो. आता तुमी लागा कामाला, मी बसतो!"

मी तणतणत घरी आले, फराळातल्या उरलेल्या चकल्या डब्यात कोंबल्या आणि शाळा गाठली. मधल्या सुट्टीत पहिला तुकडा मोडला आणि आठवलं. या चकल्यांची भाजणी मी अगदी आयत्या वेळी, दारोदार रांगोळ्या पडल्यावर त्याच्याकडं नेली होती. तेव्हाही तो "हुईल की!" असंच ओरडला होता, आणि दिवेलागणीच्या आत त्यानं ती दळून दिली होती.