कप खाडीपलीकडे, लीग अलीकडे

युरोपातल्या मोठ्या फुटबॉल क्लबांनी आपल्या देशातली लीग जिंकायला जीव टाकावा, की सगळ्या खंडाचा कप जिंकायला, यावरून भिवंडीत जेवढी भांडणं झाली तेवढी खुद्द युरोपात झाली नसतील. निदान आमच्या मैदानाबाहेरच्या टपरीवर तरी. दर शुक्रवारी सकाळी खेळ आटोपला की हातात चहा यायचा, आणि तो निवायच्या आत कोणीतरी कोणालातरी बिनडोक म्हणायचं. बहुतेक वेळा म्हणणारा मीच असायचो.

माझं मत पक्कं होतं. कप. लीग म्हणजे काय, वर्षभर तेच संघ, तीच मैदानं, आज जिंकलो, उद्या बरोबरी, परवा पुन्हा तेच. रोजचं वरण-भात. कप म्हणजे लग्नाची पंगत. पंगतीतली जिलेबी लोकांच्या जन्मभर लक्षात राहते, मंगळवारचं वरण कोणाच्या लक्षात राहतं? हे मी घरी बायकोलाही ऐकवलं. ती वज्रेश्वरीकडची. फुटबॉलशी तिचं काही सोयरसुतक नाही, पण वाद अर्धवट सोडायचा नाही हे माहेरहून घेऊन आलेली. कणीक मळता मळता म्हणाली, "पंगत रोज कोन घालतो? वरनाला नावं नका ठेवू, त्याच्यावर उभं हाय हे घर." हा मुद्दा मी टपरीवर कधी काढला नाही.

आमचाही एक क्लब होता, अजून आहे. क्लब म्हणजे एका रंगाच्या जर्स्या, दोन जाळ्या, हवा भरायचा एक पंप आणि मी. माझा गुडघा गेला तेव्हा मला मॅनेजर केलं, कारण तोंड शाबूत होतं. पोटापाण्याला मी काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच सुपरवायझर. ट्रेलर भरून घ्यायचे, दाराला सील मारायचं, गेटपास देऊन बाहेर काढायचे. दिवसभर ओरडायचं काम असल्यामुळे मॅनेजरकी मला वेगळी शिकावी लागली नाही.

आता भिवंडीची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथे पॉवरलूमवाल्यांची सुट्टी शुक्रवारी आणि गोडाऊनवाल्यांची, कचेरीवाल्यांची रविवारी. आमची लीग शुक्रवारी सकाळी, कारण ती लूमवाल्यांनी सुरू केलेली. आम्ही गोडाऊनवाले त्या दिवशी सेकंड शिफ्ट मागून घ्यायचो, सकाळी खेळायचो आणि दुपारी जांभया देत ड्युटीवर जायचो. पण कप म्हणजे खाडीपलीकडे, ठाण्यात, आणि तो असायचा रविवारी. रविवारी लूम चालू. लूमवाल्याने एक दिवस लूम सोडला तर तेवढा कपडा निघत नाही आणि तेवढी मजुरी बुडते. त्यामुळे कपाला आमचे शुक्रवारवाले कधीच यायचे नाहीत. आमचा क्लब एक, पण संघ दोन. युरोपातले कोच ज्यावर डोकं खाजवतात ते आमच्याकडे कॅलेंडरनेच ठरवून टाकलं होतं. कशेळीचा पूल ओलांडला की आमचा खंड बदलायचा.

शुक्रवारवाल्यांचा राजा म्हणजे आमचा गोली. उत्तर प्रदेशातून पोरवयात आला आणि लूमवरच मोठा झाला. उंचीने बेताचाच, पण चेंडू येणार कुठे हे त्याला चेंडूच्या आधी कळायचं. आमच्या घरी बुद्धपौर्णिमेच्या खिरीला तो ठरलेला. बायको त्याला भाई म्हणायची आणि माझ्यापेक्षा मोठी वाटी द्यायची. मला तो मॅनेजर साब म्हणायचा, आणि त्यात थट्टा किती आणि मान किती हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही.

त्या वर्षी त्याच्या शेठने लूम भंगारात काढायचे ठरवले. तसे बऱ्याच जणांनी काढले होते, नवल काही नव्हतं. गोलीने गावी जाऊन भावाबरोबर पिठाची गिरणी चालवायची असं ठरलं. तिकीटही निघालं. चहा पिताना त्याने एवढंच सांगितलं, "मॅनेजर साब, जाने से पहले एक बार लीग जितवा दो. गाँव में कोई मानता ही नहीं कि मैं खेलता हूँ. बोलते हैं, तू तो मशीन चलाता है. एक फोटो चाहिए, कप के साथ, पूरी टीम का. चक्की पे टाँगूँगा." लीगच्या ट्रॉफीलाही तो कपच म्हणायचा. आम्ही सगळे हसलो, पण त्या दिवसानंतर ती लीग त्याची झाली हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि कधी नव्हे ते आम्ही लीगमध्ये पहिले. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरे होती. सुख बोचतं म्हणतात तसं झालं. त्याच हंगामात आम्ही ठाण्याच्या कपात सेमीफायनलला पोचलो. लीगचा शेवटचा सामना शुक्रवारी, कपाची सेमीफायनल लगेच त्याच रविवारी, आणि त्याच रविवारी संध्याकाळी कल्याणहून गोलीची गाडी.

टपरीवर सभा भरली. आमचा फॉरवर्ड, तो माझ्या शेजारच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर, म्हणाला, "मोठे क्लब काय करतात? कपाआधी मेन खेळाडूंना विश्रांती देतात. आपणही रविवारवाल्यांना शुक्रवारी बसवू." मी तर वाटच बघत होतो. मी युरोपातले असे दाखले दिले की अर्ध्या जणांना वाटलं मी तिकडे जाऊन आलोय. लीग दरवर्षी येते, सेमीफायनल जन्मात एकदा, वगैरे. बोलून झाल्यावर मी गोलीकडे बघितलं. तो ग्लासातला चहा ढवळत होता, साखर कधीच विरघळलेली असताना.

"आराम दे दो सबको," तो म्हणाला. "ग्यारह हम जुटा लेंगे. बस, फोटो में सब आना."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या मागं. करा काय करायचं ते. पन भाईचा फोटो न्हाय निघाला तर खीर मागू नका."

शुक्रवारी मी मैदानावर नव्हतो. दिवाळीच्या सेलचा हंगाम होता, रविवारीही कामाला बोलवत होते. तो मोकळा मिळावा म्हणून मी शुक्रवारी दोन्ही शिफ्ट घेतल्या होत्या. पुठ्ठ्यांच्या ढिगाऱ्यात उभा राहून मी मोबाईल कानाला लावून सामना ऐकला. पलीकडून आमचा बदली खेळाडू सांगत होता आणि त्याला फुटबॉलपेक्षा शिव्या जास्त येत होत्या. समोरच्यांनी आमच्या गोलवर नुसता पाऊस पाडला म्हणे. गोलीने एक पायाने अडवला, एक पोटावर झेलला, एक तर खांबाला लागला आणि त्याचं श्रेयही त्यालाच दिलं गेलं. आमच्याकडून समोरच्या गोलवर कोणी फिरकलंच नाही. शून्य-शून्य. आम्ही लीग जिंकलो. मी तिथेच एका हमालाला मिठी मारली, त्याला कशासाठी ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ट्रॉफी तिथल्या तिथे दिली. फोटोवाला तयार होता. पण गोली म्हणाला, पूरी टीम नहीं है, आणि जर्सी काढून ठेवली. फोटो रविवारी निघणार होता. त्याने आपल्या लूमवर शेवटच्या दिवसासाठी बदली कारागीर उभा केला, आणि सेमीफायनल बघायला आमच्याबरोबर ठाण्याला यायचं ठरवलं. इतक्या वर्षांत कपाला येण्याची त्याची ही पहिली वेळ.

आता माझी अक्कल ऐका. शनिवारी गोडाऊनात आमचे ट्रेलर संध्याकाळनंतर सुटतात, आणि शेवटची गाडी गेटबाहेर पडेपर्यंत आम्हाला हलता येत नाही. मला तर पोरांना लवकर घरी झोपायला धाडायचं होतं. म्हणून मी दुपारीच गाड्या भरून घेतल्या, सीलं मारली, गेटपास हातात दिले आणि ड्रायव्हर लोकांना सांगितलं, आज मुक्काम करा, उद्या सकाळी निघा, रविवार आहे, रस्ता मोकळा मिळेल. ड्रायव्हर खूश. फॉरवर्डने माझं बघून आपल्या गोडाऊनात तेच केलं. आणखी कोणी कोणी केलं देव जाणे. आम्ही सगळे लवकर घरी गेलो आणि युरोपातल्या खेळाडूंसारखे झोपलो.

रविवारी सकाळी टेम्पोतून निघालो. पुढे मी, मागे पोरं, आणि पोरांच्या मध्ये गोली, मांडीवर ट्रॉफी आणि पायाशी गावी न्यायची बॅग. काल्हेर ओलांडेपर्यंत गाणी चालली होती. कशेळीच्या अलीकडे टेम्पो थांबला तो थांबलाच. पुढे ट्रक, ट्रकापुढे ट्रेलर, ट्रेलरपुढे ट्रेलर. ड्रायव्हर खाली उतरून विड्या ओढत होते, म्हणजे लवकर हलायचं नाव नाही. सामन्याची वेळ जवळ आली तसा माझा पारा चढला. मी आणि फॉरवर्ड उतरून रांगेच्या कडेने पुलाच्या तोंडापर्यंत चालत गेलो, कोण मुडदा आडवा आलाय ते बघायला.

एक ट्रेलर क्लच जाऊन आडवा बंद पडला होता. त्याच्या मागच्या दाराला सील होतं. मी सील बघितलं, मग ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर लगबगीने पुढे आला आणि म्हणाला, "साब, आप ही बोले थे ना, संडे को निकलो." मागचा ट्रेलर फॉरवर्डच्या गोडाऊनचा होता. युरोपातल्या कुठल्याही कोचने आपल्याच संघाच्या वाटेत आपल्या हाताने ट्रेलर उभा केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

पूल चालत ओलांडून पलीकडे रिक्षा कराव्यात, तर पलीकडेही तसंच तुंबलेलं. मी कपवाल्यांना फोन लावला. लागेना. मागे टेम्पोपाशी आलो, पुन्हा लावला. तोवर गोलीने सगळ्यांना खाली उतरवलं होतं. म्हणाला, आता ठाण्याला पोचणं काही होत नाही, मला इथूनच परत फिरून कल्याण गाठायचंय, तेव्हा फोटो इथेच. पोरांनी रस्त्याच्या कडेला रांग केली. मागे ट्रेलर, ट्रेलरवर हिरवी ताडपत्री, पुढे तो बसला, ट्रॉफी गुडघ्यावर. एका ट्रकच्या क्लीनरने गोलीचा मोबाईल धरला. तेवढ्यात माझा फोन लागला.

"आओ ना, मॅनेजर साब," तो म्हणाला.

मी हात वर केला, एक मिनिट. पलीकडचा माणूस म्हणत होता की दुसरा संघ मैदानावर उभा आहे. मी म्हणत होतो, अर्धा तास द्या. तो म्हणाला, नाही जमणार. मी म्हणालो, पंधरा मिनिटं. मी ओरडलो, मग विनवलं, मग बाबापुता केलं. शेवटी त्याने सांगितलं की समोरच्यांना पुढे चाल दिली. मी फोन ठेवून वळलो तर रांग मोडलेली. फोटो निघून गेला होता. आणखी एक काढू म्हटलं, तर ट्रकची रांग एकदम हलली, मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट केला आणि क्लीनर मोबाईल परत देऊन पळत आपल्या गाडीत चढला. गोलीने एक रिक्षा उलट दिशेला वळवून घेतली होती. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, ट्रॉफी माझ्याकडे दिली आणि गेला. मी टेम्पोत बसलो तेव्हा कोणी कोणाला बिनडोक म्हटलं नाही. बायकोने संध्याकाळी विचारलं, "तेल गेलं, तूप गेलं?" मी म्हटलं, तूप आहे, ट्रॉफी कपाटावर ठेवलीय. तिने फोटो मागितला. गोलीने रिक्षातूनच धाडलेला, तो मी दाखवला. बघून तिने मोबाईल मला परत दिला आणि जेवायला वाढलं.

फोटोत सगळे आहेत. तो मधोमध, असा हसतोय, जणू पंपाने हवा भरलीय. आणि एका कडेला मी, कॅमेऱ्याकडे पाठ, कानाला मोबाईल.

टपरीवरचा वाद अजून चालतो. मी आता लीगच्या बाजूने बोलतो आणि कोणी मला मागचे दाखले दिले तर विषय बदलतो. परवा गोलीचा व्हिडिओ कॉल आला. गिरणीत पांढरं पीठ उडत होतं, तोही पांढरा झाला होता. मोबाईल फिरवून त्याने भिंत दाखवली. फोटो मोठा करून, काच लावून टांगलेला. दळण घेऊन येणारा प्रत्येक जण विचारतो म्हणे, आणि तो एकेकाला बोट लावून सांगतो, हा फॉरवर्ड, हा बॅक.

"और आपका भी पूछते हैं," तो म्हणाला. "ये पीछे मुड़ के कौन है, किस से बात कर रहा है? मैं बोलता हूँ, हमारे मॅनेजर साब हैं. इतने खुश थे कि फोटो के लिए भी नहीं रुके, पूरी भिवंडी को फोन लगा के बता रहे थे कि हम लीग जीत गए."

मी म्हटलं, हां भाई, वही कर रहा था.