ताडकळसची लख्ख धुतलेली कवटी

माझी मैत्रीण मंजिरी हजारो वर्षं जुन्या हाडांतून डीएनए काढते आणि तेव्हाची माणसं कोण होती, कुठून आली हे शोधते. ताडकळसजवळ शेततळं खोदताना एक जुनी कवटी निघाली. परवानगीचे कागद हातात आले, तेव्हा तिला सामान उचलायला कुणीतरी हवं होतं. मी लगेच निघाले.

पुण्याहून रेल्वेने पूर्णा, तिथून एसटी. तुम्ही गेलात तर पूर्णेतच पोटभर खाऊन घ्या, कारण ताडकळसात प्रत्येक घरी चहा घ्यावाच लागतो. वाटभर मंजिरी मला बजावत होती की हाडाला उघडा हात लावायचा नाही, त्याच्याजवळ बोलायचंही नाही. इथल्या उन्हात डीएनए मुळात टिकत नाही, त्यात आपला मिसळला की संपलंच. अशा एका हाडासाठी ती चार वर्षं थांबली होती.

शेतमालक दत्तराव दारातच भेटले. आम्ही पांढरे झगे, मास्क, हातमोज्यांचे दोन-दोन जोड असा जामानिमा केला. मग त्यांच्या पत्नी कौसाबाईंनी पितळी ताटातून कवटी आणली. धुण्याच्या पावडरीने घासलेली, वर हळद-कुंकू. सगळ्या गल्लीने ती हातात घेऊन पाहिली होती.

मंजिरी ओट्यावर बसूनच गेली.

थोड्या वेळाने तिने उपाय सांगितला. ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांची थुंकी नळीत घ्यायची, म्हणजे त्यांचा डीएनए ओळखून बाजूला काढता येईल. अट एवढीच, आधी अर्धा तास तोंडात काही नको. दत्तरावांची तंबाखू सुटेना, त्यांचा अर्धा तास तीनदा नव्याने सुरू करावा लागला. रांगेत कवटी न पाहिलेलेही अकरा जण घुसले. कौसाबाई मात्र पाहुण्यांसमोर थुंकायला तयार नव्हत्या. शेवटी त्या नळी घेऊन न्हाणीत गेल्या आणि मी दाराकडे पाठ करून पहारा दिला.

दुसऱ्या दिवशी भाकरी-ठेचा खाऊन निघालो. कानाच्या आतलं हाड फार घट्ट असतं, पावडर तिथवर गेली नसेल तर आशा आहे, असं मंजिरी म्हणाली. दत्तराव मात्र वेगळ्याच काळजीत होते.

"मॅडम, हे आमच्याच भावकीतलं निघालं, तर जमिनीत हिस्सा न्हाई ना मागायचं?"

काही महिन्यांनी निकाल आला. डीएनए अगदी थोडा उरला होता. ती बाई होती एवढंच कळलं. कुठली, कुणाची, काही नाही. मंजिरी हिरमुसली. मला त्या प्रवासातलं विज्ञान फारसं आठवत नाही, गल्लीतली ती शिस्तीत थुंकणारी रांग आठवते. कौसाबाईंना फोन करून निकाल मीच सांगितला.

"बाई व्हती व्हय? मंग बरं झालं, म्या तिला न्हाऊ घातलं."